दबक्या पावलांचे गाणे : जोसेफ शबालाला यांच्या वाद्यविरहित समूहगायनाचे स्मरण आणि मूल्यमापन

बीजसंज्ञा : इसिकाथामिया, वाद्यविरहित कंठसंगीत, स्थलांतरित कामगार, झुलू मौखिक परंपरा, सांस्कृतिक बहिष्कार

प्रस्तावना

दक्षिण आफ्रिकेतील झुलू गायक, रचनाकार आणि 'लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो' या गायकसंघाचे संस्थापक जोसेफ शबालाला यांचे ११ फेब्रुवारी २०२० रोजी प्रिटोरिया येथे निधन झाले. त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. निधनाच्या वेळी त्यांचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. त्याच महिन्याच्या २२ तारखेला लेडीस्मिथ या त्यांच्या गावी शासकीय सन्मानाने त्यांचा अंत्यविधी पार पडला. त्यानंतर पाचेक आठवड्यांतच महासाथीमुळे त्या देशात टाळेबंदी लागू झाली आणि खांद्याला खांदा लावून गाणे ही जगभरच धोक्याची गोष्ट ठरली. दहा पुरुषांनी एका ओळीत उभे राहून एकमेकांचा श्वास ऐकत गाण्याची कला ज्याने घडविली, त्याच्या निरोपासाठी माणसे एकत्र येऊन गाऊ शकली, एवढे तरी काळाने साधू दिले.

शबालाला यांच्यावरील बहुतेक इंग्रजी मृत्युलेखांच्या आरंभीच अमेरिकन गायक पॉल सायमन यांचे नाव येते. १९८६ च्या 'ग्रेसलँड' या ध्वनिमुद्रिकेमुळे जगाला हा संघ माहीत झाला, हे खरेच आहे. परंतु 'जगाला माहीत होणे' हाच कलावंताचा जन्म मानला, तर त्यापूर्वीची सुमारे पंचवीस वर्षे केवळ पूर्वपीठिका उरतात. प्रस्तुत लेखकाला हा क्रम चुकीचा वाटतो. शबालाला यांनी केलेले मूलगामी काम १९६४ ते १९७३ या काळातील आहे. पुढील कीर्ती हा त्या कामाचा परिणाम होय. या दृष्टीने त्यांच्या गाण्याकडे पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे. हा प्रयत्न स्मरणाचा असला तरी गौरवग्रंथातील लेखासारखा व्हावा अशी इच्छा नाही.

संज्ञा आणि परंपरा

वाद्यांशिवाय गायल्या जाणाऱ्या समूहगानाला पाश्चात्त्य संगीतात 'अ कापेल्ला' म्हणतात. मूळ इटालियन अर्थ 'प्रार्थनागृहाच्या रीतीने' असा आहे. शबालाला यांच्या गाण्याला ही संज्ञा लावली जाते, पण ती त्याला अर्धवटच बसते. त्या गाण्याचे स्वतःचे नाव 'इसिकाथामिया' असे आहे. देवनागरीत हे नाव नीट लिहिता येत नाही. त्यातील 'क' हा आपला 'क' नव्हे; हळहळ व्यक्त करताना आपण जीभ दातांमागे लावून जो 'च् च्' असा आवाज काढतो, त्याच्या जवळचा तो ध्वनी आहे. झुलू भाषेत अशा टिचकीच्या ध्वनींना व्यंजनाचा दर्जा आहे. शब्दाच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ 'हलक्या पावलांनी चालणे, दबकत चालणे' असा होतो.

ही कला 'शुद्ध आफ्रिकी' आहे असे समजून जो तिच्याकडे जाईल त्याची निराशा होईल. १८९० मध्ये ऑर्फियस मॅकाडू यांची अमेरिकन कृष्णवर्णीय गायकमंडळी दक्षिण आफ्रिकेत आली आणि त्या दशकात तिने तेथे दीर्घ दौरे केले. त्या मंडळींचे भक्तिगीतगायन, मिशनरी शाळांतून शिकविली जाणारी चार आवाजांची स्तोत्रे, विनोदी रंगमंचीय पथकांचे कोट-टाय आणि ठरावीक पदन्यास, आणि या सर्वांखाली झुलू लग्नगीतांची हाक-प्रतिसादाची मूळ चौकट, अशा मिश्रणातून हा प्रकार आकाराला आला. १९३९ मध्ये सॉलोमन लिंडा यांनी आपल्या 'ओरिजिनल इव्हिनिंग बर्ड्स' या संघासह 'म्बुबे' म्हणजे 'सिंह' हे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा या परंपरेला पहिले मोठे यश मिळाले. हेच गाणे पुढे पाश्चात्त्य देशांत वेगळ्या नावाने आणि वेगळ्या धन्यांच्या मालकीने अमाप गाजले. लिंडा १९६२ मध्ये दारिद्र्यात वारले आणि त्यांच्या वारसांना तडजोडीतून न्याय मिळण्यास २००६ साल उजाडले. शबालाला यांच्या पुढील वाटचालीचा विचार करताना हा प्रसंग विसरता येत नाही. त्यांच्या आधीच्या पिढीतील सर्वांत मोठ्या गायकाचे काय झाले, हे त्यांच्या परंपरेतील प्रत्येकाला ठाऊक होते.

व्हाइट एर्लमान यांच्या 'नाइटसाँग' (१९९६) या ग्रंथामुळे या कलेचा गंभीर अभ्यास उपलब्ध झाला असून त्या ग्रंथाला शबालाला यांचेच प्रास्ताविक आहे. अभ्यासकाच्या ग्रंथाला अभ्यासविषय असलेल्या कलावंताने प्रास्ताविक लिहावे, ही गोष्ट आपल्याकडील लोककलांच्या अभ्यासाने लक्षात घ्यावी अशी आहे.

वसतिगृहातील रात्री

१९१३ च्या भूमी कायद्याने दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांना देशातील फार थोड्या जमिनीवर मालकीचा हक्क उरला. उरलेल्या भागात ते गोऱ्यांच्या शेतांवर राबणारी कुळे म्हणून राहिले किंवा खाणी आणि कारखाने यांकडे वळले. शबालाला यांचा जन्म लेडीस्मिथजवळच्या अशाच एका शेतावरील कुटुंबात झाला. तरुणपणी ते डर्बनला कारखान्यात कामाला गेले. शहरात पुरुष एकटेच असत. परवान्याच्या कायद्यामुळे कुटुंब सोबत नेता येत नसे. कामगारांच्या वसतिगृहांतून आठवड्याचे सहा दिवस काम आणि शनिवारी रात्रभर गाण्याच्या स्पर्धा, असे हे जीवन होते. एका गावाचे, एका भागाचे लोक एका संघात असत. बक्षीस कित्येकदा बोकड असे. निर्णायक म्हणून अनेकदा एखाद्या गोऱ्या माणसाला आणून बसवीत. त्याला भाषा कळत नाही आणि कोणताही संघ त्याच्या ओळखीचा नाही, म्हणून तो निःपक्षपाती, असा त्यामागील तर्क होता. या तर्कात भोळेपणा किती आणि कडवट विनोद किती, हे सांगणे कठीण आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणी गिरणगावातील गाळे आठवतील. कोकणातून आलेले, बायकामुले गावी ठेवलेले पुरुष, गावाच्या नावाने चालणाऱ्या खोल्या आणि भजनी मंडळे हे साम्य डोळ्यांत भरते. पण ते फार ताणू नये. आपल्या भजनाला मृदंग आणि पेटी होती, गावी स्वतःची म्हणण्यासारखी थोडी तरी जमीन बहुधा होती आणि मुंबईत येण्यासाठी सरकारी परवाना लागत नव्हता.

दबकत चालण्याचा नाच कोठून आला, याविषयी गायक स्वतः अशी कथा सांगत की पहारेकऱ्यांची झोप मोडू नये म्हणून खाणकामगार वस्तीत टाचा उचलून नाचू लागले. लिंडा यांच्या काळातील गायन उंच, भरघोस आणि ललकारीचे होते. त्याच्या जागी मंद, आवरून धरलेले गायन आले, त्यालाच 'कोथोझा म्फाना' म्हणजे 'पोरांनो, जपून पाऊल टाका' असेही नाव मिळाले. १९६० च्या दशकात सरकारी रेडिओच्या झुलू विभागावर याच नावाचा कार्यक्रम होत असे. जपून पाऊल टाकण्याचा सल्ला वर्णभेदी सरकारच्या रेडिओवरून कलाप्रकाराचे नाव म्हणून ऐकू यावा, यातील विसंगती शबालाला यांच्या संपूर्ण कारकिर्दीला व्यापून राहिली आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

स्वप्न आणि रचना

डर्बनमध्ये इतरांच्या संघांत काही काळ गायल्यानंतर शबालाला यांनी १९६० च्या सुमारास भाऊ आणि चुलत-आते भाऊ यांना घेऊन आपला संघ बांधला. त्याचे नावच एक छोटी कविता आहे. 'लेडीस्मिथ' हे गाव. 'ब्लॅक' म्हणजे शेतावरील बैलांच्या जोड्यांतील काळे, सर्वांत ताकदवान बैल. आणि 'मम्बाझो' म्हणजे कुऱ्हाड, स्पर्धेतील प्रतिस्पर्ध्यांना तोडून वाट काढणारी. गावाचे नाव मात्र एका इंग्रज गव्हर्नराच्या स्पॅनिश पत्नीवरून पडलेले. १८९९-१९०० च्या बोअर युद्धातील वेढ्यामुळे ते इतिहासात गेले. याच वेढ्याच्या लढाईत स्पिओन कोपच्या रणभूमीवर गांधीजींच्या भारतीय शुश्रूषा पथकाने जखमी वाहिले होते. साम्राज्याच्या इतिहासातील हे नाव आज जगात प्रथम एका गायकसंघामुळे आठवते, ही या संघाची एक न सांगितलेली कामगिरी होय.

१९६४ मध्ये आपल्याला सुमारे सहा महिने रोज स्वप्नात एक गायन ऐकू येत असे, असे शबालाला यांनी पुढे अनेकदा सांगितले. त्या स्वप्नातील आवाज सहकाऱ्यांना शिकविण्यासाठी त्यांनी संघाचा सराव मुळापासून बदलला. स्वप्नातील साक्षात्काराची कथा आपल्या संतसाहित्याच्या वाचकाला अपरिचित नाही. तुकोबांना कवित्वाची आज्ञा स्वप्नातच झाली अशी परंपरा आहे. अशा कथेची शहानिशा करणे समीक्षेचे काम नव्हे. त्या स्वप्नानंतर गाण्यात नेमके काय बदलले, एवढे मात्र कानांनी तपासता येते.

बदलले ते असे. या संघात मुख्य गायक एक, मधल्या पट्टीचे दोनच आवाज आणि बाकीचे सर्व खर्जात गाणारे, अशी रचना दिसते. पाश्चात्त्य चार आवाजांच्या समतोलाला ही रचना जुमानत नाही. इमारतीच्या भाषेत बोलायचे तर पायाच एवढा रुंद आहे की वर एकच खांब पुरतो. भारतीय कानाला हा खर्ज तंबोऱ्यासारखा वाटण्याचा संभव आहे; पदव्युत्तर वर्गात हे गाणे ऐकविले तेव्हा एका विद्यार्थ्याने 'मागे कोणते वाद्य आहे?' असा प्रश्न विचारला होता. पण तंबोरा स्थिर असतो. हा खर्ज चालतो, थांबतो, शब्द उच्चारतो, मुख्य गायकाला उत्तर देतो आणि कधी त्याच्या आधीच वाक्य पूर्ण करतो. आपल्याकडे वाद्यावाचून गाण्याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे जात्यावरची ओवी. तिथे जात्याच्या घरघरीने धरलेली जागा येथे सात-आठ पुरुषांच्या कंठांनी धरली आहे, असे फार तर म्हणता येईल.

गाण्याची घडण बहुधा दुपदरी असते. आरंभी तालमुक्त, संथ, स्तोत्रासारखा भाग येतो. त्यात सर्व आवाज एकत्र चालतात आणि अखेरच्या स्वराला दीर्घ विसावा देतात. मग मुख्य गायक एक छोटे वाक्य टाकतो, समूह ते उचलतो, आवर्तन सुरू होते आणि त्याबरोबर पाय. शबालाला यांचे वैशिष्ट्य या दोन भागांच्या सांध्यात आहे. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता. तो किंचित कापरा, मऊ, जवळ बसून बोलणाऱ्याचा होता. जिभेने काढलेले घुमारे, टिचक्या, ओठांची थरथर, मध्येच उसासा अशा ध्वनींनी ते संथ भागातून तालात उतरतात, आणि ताल नक्की कोठे सुरू झाला हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ललकारीच्या परंपरेत आवाज खाली आणणे हे धाडस होते, कारण स्पर्धा तर मोठ्या आवाजानेच जिंकल्या जात. हा संघ मात्र इतका जिंकू लागला की पुढे त्याला स्पर्धेत उतरू न देता केवळ पाहुणे म्हणून गाण्यास बोलावीत, असे सांगितले जाते.

१९७० च्या सुमारास रेडिओवरील गायनामुळे ध्वनिमुद्रणाचा करार झाला आणि १९७३ मध्ये 'अमाबुथो' ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. सुवर्ण तबकडीचा मान मिळविणारी ती दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांची पहिली ध्वनिमुद्रिका होय. तीतील 'नोमाथेम्बा' हे गाणे शबालाला यांच्या कलेचा नमुना म्हणून पुढे करावे असे आहे. नोमाथेम्बा हे मुलीचे नाव. त्यात 'आशा' हा शब्द दडलेला आहे. पुरुष मुलीला शोधतो आहे की आशेला, हे गाणे ठरवू देत नाही. ज्या समाजात रस्ते, गाड्या आणि परवाने यांनी माणसे एकमेकांपासून तोडली होती, तेथे हा श्लेष भाषेच्या चमत्कृतीपुरता राहत नाही. हे सर्व पॉल सायमन जोहान्सबर्गला येण्याच्या बारा वर्षे आधीचे आहे.

'होमलेस' : एक गाणे, दोन श्रोते

'ग्रेसलँड'मधील 'होमलेस' हे गाणे लंडनच्या अ‍ॅबी रोड ध्वनिमुद्रणगृहात १९८५ मध्ये तयार झाले. त्याचे श्रेय सायमन आणि शबालाला या दोघांच्या नावे आहे, ही बाब लिंडा यांच्या पार्श्वभूमीवर लहान नाही. गाण्यात एकही वाद्य नाही. आरंभीची चाल झुलू लग्नगीताच्या वळणाची आहे. कड्यांवर निजलेल्या, उशाला मूठ घेणाऱ्या बेघर माणसांची ती कल्पना. मग इंग्रजी शब्द येतात. वादळ, उद्ध्वस्त घर, रात्रीतले मृत्यू. इंग्रजी श्रोता या ठिकाणी गाणे पूर्ण समजल्याच्या समाधानात असतो: हे वर्णभेदाच्या बळींचे शोकगीत आहे.

परंतु गाणे तेथे संपत नाही. उत्तरार्धात समूह झुलूमध्ये वेगळेच काही म्हणू लागतो. आम्ही जिंकणारे आहोत, आम्ही इंग्लंडात जिंकलो, लंडनमध्ये जिंकलो, असा त्याचा आशय आहे. ही वसतिगृहातील शनिवारच्या रात्रीची आत्मस्तुती होय. प्रत्येक संघ स्पर्धेत आपले नाव, गाव आणि पराक्रम सांगत असे. त्याच रीतीने हा संघ जगातल्या सर्वांत प्रसिद्ध ध्वनिमुद्रणगृहात उभा राहून आपण ही स्पर्धाही मारली असे जाहीर करतो आहे. ज्यांना भाषा कळते त्यांना हसू यावे, ज्यांना कळत नाही त्यांच्या डोळ्यांत पाणी यावे, अशी ही योजना आहे. जुन्या स्पर्धेतील भाषा न कळणारा गोरा निर्णायक पुन्हा समोर बसलेला आहे, फक्त आता तो कोट्यवधींच्या संख्येने आहे.

या गाण्याचे समीक्षण करताना त्यातील करुणेवरच भर दिला जातो. त्यामुळे शबालाला यांची प्रतिमा 'सोसणाऱ्या, क्षमाशील आफ्रिकेचा आवाज' अशी घडली. त्यांच्या कलेतील खोडकरपणा, चढाओढ, गावाचा अभिमान आणि 'मम्बाझो' या शब्दातील कुऱ्हाड या प्रतिमेत बसत नाही. बेघरपणाचे गाणे आणि विजयाचे गाणे एकाच श्वासात गाता येते, हा अनुभव स्थलांतरिताचा आहे. त्याचा अर्धा भाग कापून उरलेल्यावर हळहळणे, हाही एक प्रकारचा अन्याय होय.

बहिष्काराचा प्रश्न

१९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दक्षिण आफ्रिकेशी सांस्कृतिक संबंध तोडण्याचे आवाहन केले होते. सायमन यांनी १९८५ मध्ये जोहान्सबर्गला जाऊन ध्वनिमुद्रण केले ते या आवाहनाविरुद्ध. १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलबाहेर बिली ब्रॅग, जेरी डॅमर्स, पॉल वेलर यांच्यासारख्या संगीतकारांनी निषेध नोंदविला. आत मंचावर मात्र देशातून परागंदा झालेले ह्यू मासेकेला आणि मिरियम मकेबा शबालाला यांच्यासमवेत गात होते. या वादात कोण बरोबर, याचे सोपे उत्तर नाही. बहिष्कार ही मुक्तिलढ्याची शिस्त होती आणि एका श्रीमंत कलावंताने ती स्वतःपुरती शिथिल करावी हे योग्य नव्हते, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण त्या वादातील एक गोष्ट खटकते. वाद सायमनने जावे की नाही यावर झाला. शबालाला यांनी यावे की नाही, त्यांना आपले गाणे देशाबाहेर नेण्याचा हक्क आहे की नाही, हे त्यांना फारसे कोणी विचारले नाही.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. शबालाला यांनी वर्णभेदाविरुद्ध उघड गाणी लिहिली नाहीत. १९७० च्या दशकाच्या मध्यावर ते ख्रिस्ती धर्माकडे वळले आणि धार्मिक रचनांचे प्रमाण वाढले. त्यांची गाणी सरकारी रेडिओला चालत होती. गाव, गुरे, वडीलधारे, वाट पाहणारी स्त्री हा त्यांचा गानविश्वाचा नकाशा सरकारच्या 'प्रत्येक टोळीला तिचा मुलूख' या धोरणाला सोयीचाही होता. हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. या नकाशातील स्त्री बहुतेक वेळा वाट पाहते किंवा निघून जाते. ती स्वतः बोलत नाही, हेही नोंदविले पाहिजे. तथापि, ज्यांना कायद्याने 'तात्पुरते मजूर' ठरविले होते त्यांनी रात्रभर 'आमचे गाव अमुक, आमचे घर तमुक' असे गात राहणे, याला निव्वळ शरणागती म्हणता येत नाही. जपून पाऊल टाकणारा माणूस कोठे तरी जात असतो. १९९३ च्या डिसेंबरमध्ये ऑस्लोला नोबेल शांतता पुरस्काराच्या समारंभात आणि १९९४ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीला नेल्सन मंडेला यांच्यासोबत हाच संघ गायला. मुक्तिलढ्याच्या नेत्याने या गायनात शरणागती ऐकली नाही, याला काही वजन द्यावे लागेल. निर्णायक पुरावा म्हणून मात्र ते पुरेसे नाही. राष्ट्रीय समारंभांना मवाळ संगीत नेहमीच हवे असते.

उत्तरकाळ

सायमन यांनी निर्मिती केलेल्या 'शाका झुलू' (१९८७) या ध्वनिमुद्रिकेला १९८८ मध्ये ग्रॅमी मिळाले. त्यानंतर २००५, २००९, २०१३ आणि २०१८ अशी आणखी चार ग्रॅमी या संघाकडे आली. पुरस्कारांची ही यादी चढती असली तरी रचनांचा आलेख तसा नाही. इंग्रजी शब्दांत लिहिलेली गाणी बरीचशी सपाट आहेत. झुलूतील श्लेष आणि टिचक्या इंग्रजीत उतरत नाहीत आणि उरतो तो सदिच्छेचा उपदेश. १९९७ च्या 'हेवनली'मध्ये परिचित पाश्चात्त्य गाणी आहेत, २००४ च्या 'नो बाउंडरीज'मध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद सोबतीला आहे. ज्या गायनाने वाद्याची जागा कंठाने भरून काढली, त्याच्याखाली तंतुवाद्यांची गादी अंथरणे म्हणजे पोहणाऱ्याला होडीत बसविणे होय. ब्रिटनमध्ये तर डबाबंद घेवड्याच्या जाहिरातीतून त्यांचे गाणे घरोघर पोहोचले. याबद्दल नाके मुरडण्याचे कारण नाही. दहा कुटुंबे गाण्यावर चालवायची होती.

यशाच्या या वर्षांतच मृत्यूने त्यांच्या घरात अनेकदा प्रवेश केला. धाकटे भाऊ हेडमन, संघातील खर्जाचा एक प्रमुख आवाज, १९९१ मध्ये एका गोऱ्या सुरक्षारक्षकाच्या गोळीने मारले गेले. २००२ मध्ये पत्नी नेली यांची हत्या झाली. नेली स्वतः स्त्रियांचा गायकसंघ चालवीत. या घटनांविषयी शबालाला यांनी गाण्यात आकांत केला नाही. खर्जातील जागा दुसऱ्या आवाजाने भरली आणि दौरे चालू राहिले. श्रद्धेचे बळ म्हणून याचे कौतुक झाले आहे. प्रस्तुत लेखकाला त्यात या कलाप्रकाराचा नियमही दिसतो. इसिकाथामियात एकट्याचा विलाप नसतो. मुख्य गायकाने टाकलेले वाक्य समूहाने उचलले नाही तर ते गाणे होत नाही.

२००८ पासून त्यांनी नेतृत्व मुलांकडे सोपविण्यास आरंभ केला आणि २०१४ मध्ये ते पूर्णपणे निवृत्त झाले. संघाचे नाव मुलांना देणे सोपे होते. पण गायनाच्या या रीतीचे शिक्षण झुलू मुलांना मिळावे म्हणून त्यांनी १९९९ मध्ये प्रतिष्ठान स्थापन केले, यावरून वारसा रक्ताने आपोआप जातो असे ते समजत नव्हते हे दिसते. 'शाका झुलू'ला तीस वर्षे झाल्यावर, २०१७ मध्ये, मुलांनी आणि सहकाऱ्यांनी तीच गाणी नव्याने गाऊन 'शाका झुलू रीव्हिजिटेड' या नावाने प्रसिद्ध केली. २०१८ चे ग्रॅमी तिलाच मिळाले. दोन्ही मुद्रणे एकापाठोपाठ ऐकली म्हणजे नव्याची सफाई लगेच जाणवते. खर्ज तितकाच रुंद आहे, उच्चार स्वच्छ आहेत, आवर्तने अचूक पडतात. संथ भागातून तालात शिरण्याच्या जागी मात्र फरक ऐकू येतो. नव्यात ताल सुरू होतो. जुन्यात तो केव्हा सुरू झाला, हे अनेकदा ऐकूनही बोट ठेवून दाखविता येत नाही.